काळं शुक्रवारचं, पांढरं रविवारचं

कोरड्या उपासाच्या तिसऱ्या दिवशी अख्ख्या घरात एकच बाई पोटभर जेवत होती, आणि ज्याच्यासाठी हा उपास चालला होता त्याचीच ती बायको होती.

मान्सा अंगणाच्या कडेला, मासे धुरवायच्या भट्टीपाशी बसून केळीच्या पानातली केंकी सोडवत होती. आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा गरम गोळा, वर मिरचीचा ठेचा, बाजूला दोन धुरवलेले मासे. सकाळचे अकरा वाजलेले. चटईवर ओळीने बसलेल्या उपाशी नातेवाइकांच्या नाकासमोरून तो वास असा काही निवांत फिरत होता, जणू त्यालाही बैठकीचं बोलावणं होतं. एकुआ आत्याने तीनदा खोकून दाखवलं. चौथ्या खोकल्याला मान्साने पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला. कोरड्या उपासात पाणीही चालत नाही, हे मान्साला चांगलं ठाऊक होतं.

"मान्सा," आत्या म्हणाली, "तुझा नवरा समुद्रात आहे."

"माहितेय, वन्सं. डबा मीच बांधून दिला होता."

"आणि तुझ्या घशाखाली घास उतरतो?"

"उतरतो की. आधी चावावा लागतो."

अराबाला हसू फुटलं. बायबल मांडीवर, डोळे अर्धे मिटलेले, आणि हसू थेट ओठांपर्यंत आलेलं! तिने ते शेवटच्या क्षणी वळवून त्याचं "आमेन" केलं. आत्याने कौतुकाने भाचीकडे पाहिलं. एवढ्याशा पोरीची भक्ती बघा, आणि आई बघा.

पोर काही एवढीशी नव्हती. पंधरा पूर्ण झाली होती, शाळेच्या प्रार्थनामंडळाची चिटणीस होती, आणि तिची प्रार्थना म्हणजे अपाम गावच्या किनाऱ्यावर ऐकण्यासारखी गोष्ट होती. एकही वाक्य दुसऱ्यांदा न म्हणता ती बारा मिनिटं देवाशी बोलू शकायची. 'हे सगळ्या पाण्यांच्या मालका' असा सूर तिने लावला, की चर्चच्या मागच्या बाकांवर रुमाल निघायचे. गेले दहा दिवस ती सकाळ-संध्याकाळ बाबांसाठी प्रार्थना करत होती आणि, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, दिवसागणिक तिची प्रार्थना सुधारत होती. रविवारची तर फारच जमली. वचनं आपसूक जागच्या जागी पडली, आवाज नेमका हवा तिथे फुटला. खाली बसताना ती खरोखर रडत होती. पण आणखी कोण कोण रडतंय, हेही तिने बोटांच्या फटीतून पाहून घेतलं होतं.

अकरा दिवसांपूर्वी क्वामेनाची होडी खोल पाण्यात असताना तिचं मशीन बंद पडलं. दुसऱ्या एका होडीने त्याच्या दोघा गड्यांना आपल्याकडे घेतलं आणि दोर टाकला. सुकाणूवर कुणीतरी हवं, म्हणून क्वामेना आपल्याच होडीत राहिला. लाटा चढल्या, दोर तुटला. ओढणारी होडी वळून येईपर्यंत तिथे नुसतं पाणी होतं. दोघं गडी घरी आले, जेवले, झोपले. क्वामेनाचा पत्ता नाही. त्याच्या होडीच्या कडेला पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'देवाचं लक्ष आहे.' जोजोकाका म्हणायचा, लक्ष असेल हो, पण कुठे आहे तेवढं कळलं असतं तर बरं झालं असतं.

आणि आज मंगळवार. मंगळवारी समुद्राला विश्रांती, एकही होडी पाण्यात उतरत नाही. त्यामुळे जाळ्यांची शिवण, सोयरिकी, भांडणं आणि घराण्याच्या बैठका, सगळं मंगळवारी. बदामाच्या झाडाखाली नाना अबाका आपल्या ठेंगण्या आसनावर बसले होते. ते क्वामेनाचे मामा, म्हणजे ह्या घराण्याचे प्रमुख. इथे मूल आईच्या घराण्याचं असतं. क्वामेना नानांचा. अराबा मात्र मान्साच्या घराण्याची. त्यामुळे बाबांच्या बाबतीत काय ठरवायचं ते नाना, एकुआ आत्या आणि जोजोकाका ठरवणार. बायको आणि मुलगी फार तर ऐकू शकत होत्या.

नानांनी काठी जमिनीवर टेकवली.

"होडीवाल्यांच्या मुखियाचा निरोप आलाय," ते म्हणाले. "उद्या पहाटे तो चार होड्या पाठवायला तयार आहे, पूर्वेला. पाणी हल्ली पूर्वेलाच ओढतंय. पण ही शेवटची खेप. आणि त्याला आपल्याकडून एक उत्तर हवंय. ह्या घरात क्वामेना जिवंत आहे की गेला? जिवंत म्हणालात तर होड्या निघतील. अंत्यविधीचा दिवस धरलात तर कुणी निघणार नाही. गेलेल्या माणसासाठी तो जित्या पोरांना पाण्यात घालणार नाही, आणि त्याचं बरोबर आहे. जोजो, सूर्य मावळायच्या आत उत्तर घेऊन जायचंय तुला."

"जातो ना," जोजोकाका म्हणाला. हा क्वामेनाचा धाकटा भाऊ. त्याच्या हातात मायलोचा मग होता. मायलो हे पेय असल्याने उपास मोडत नाही, असा त्याचा पहिल्या दिवसापासूनचा अभ्यास होता. आज त्याने त्यात बिस्कीट बुडवलं होतं. भिजलेलं बिस्कीट चावावं लागत नाही, ही त्या अभ्यासाची पुढची पायरी.

"आणि माझं मत विचाराल," नाना पुढे म्हणाले, "तर दिवस धरावा. ईस्टरनंतर एकच शनिवार मोकळा आहे. मंडपवाला उद्यापर्यंत थांबतो म्हणालाय. तो गेला तर एकदम ऑगस्ट."

अराबाने मांडीवरचं बायबल मिटलं. म्हणजे बाबा जिवंत आहेत की नाहीत, हे मंडपवाल्याच्या वहीत बघून ठरणार?

"नाना, मंडप मिळतोय म्हणून माझ्या भावाला मारता?" आत्या उसळली.

"मी कशाला मारू! माझ्या मांडीवर वाढलाय तो." नानांचा आवाज एकदम बारीक झाला. "तुम्ही कुणी पाहिलं नाहीत. माझा थोरला भाऊ असाच गेला. आईने सात वर्षं दिवस धरू दिला नाही. रोज त्याचं ताट वाढायची. सात वर्षांत बाई धड हसली नाही, धड रडली नाही. शेवटी तिला पुरलं, तेव्हा कुठे आम्ही दोघांचं मिळून रडून घेतलं." त्यांनी भट्टीकडे नजर टाकली. "मला पुन्हा कुणाचं तसं झालेलं बघायचं नाही."

मान्साने एक काटा तोंडातून काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"नाना म्हणतात त्यात तथ्य आहे," जोजोकाका म्हणाला.

"जोजो!"

"ताई, तू म्हणतेस त्यातही आहे."

आत्या उठून उभी राहिली. एकुआ आत्या म्हणजे चर्चच्या महिला मंडळाची अध्यक्षा. ती उभी राहिली की माणसं आपोआप पाय आवरून बसत. "ऐका सगळे," ती म्हणाली. "पाचव्या दिवशी मी काय केलं, आठवतंय ना? आभाराचं कापड घेतलं. पांढरं, निळ्या फुलांचं. सगळ्यांची मापं दिली. लोक काम झाल्यावर पांढरं नेसून चर्चमध्ये आभार मानायला जातात, मी आधीच शिवायला टाकलं! का? कारण माझ्या मनात शंका नाही. राईच्या दाण्याएवढीसुद्धा नाही. आणि तुम्ही मंडपाचं बोलता? अराबा, ऊठ! प्रार्थना कर. मग बघू कुणाची हिंमत होते दिवस धरायची."

अराबा उठली. खरंच, होऊ शकत होतं! आपण इतकी सुंदर प्रार्थना करायची, की नानांचे डोळे भरून येतील, जोजोकाका धावत सुटेल, उद्या पहाटे होड्या निघतील. आणि बाबा परत आल्यावर लोक म्हणतील, पोरीने खेचून आणलं. तिने हात उंचावले.

"हे सगळ्या पाण्यांच्या मालका," तिने सुरुवात केली, आणि चटईवरचे सगळे डोळे मिटले. "तू समुद्राला दार लावलंस आणि म्हणालास, इथवरच ये. तू लाटांना नावाने ओळखतोस. तू तांबडा समुद्र दुभंगलास, तू—"

"आगो!" फाटकातून हाक आली.

दारात कुणी आगो म्हटलं, की घरातल्यांनी आमे म्हणून आत बोलवायचं, ही सवय हाडात मुरलेली. डोळे मिटलेल्या अख्ख्या घराण्याने एका सुरात "आमे!" म्हटलं आणि सिस्टर डोर्कास शिंपीण डोक्यावर दोन गाठोडी घेऊन, धापा टाकत, तांबड्या समुद्राच्या ऐन मधोमध येऊन उभी राहिली.

"बाई गं, मान मोडली! एकुआताई, घ्या, दोन्ही झाली बघा. ईस्टरच्या आठवड्यात कुणी दोन-दोन ऑर्डरी घेतं का? पण म्हटलं ताईंचा शब्द." तिने पहिलं गाठोडं चटईवर टाकलं. "हे काळं. तुम्ही म्हणाला होतात ना, काळं आधी दे, पांढऱ्याचं मागाहून बघू. तर रातोरात काळं उरकलं. मग पांढरंही घेतलं ओढून."

अराबाचे हात अजून वरच होते. ते खाली कसे आणायचे, हे तिला सुचेना.

गाठोड्याची गाठ सैल होती. आतून नव्या कोऱ्या काळ्या कापडाचं टोक बाहेर आलं, त्यावर तांबडी बारीक नक्षी. मयताला नेसायचं कापड, अख्ख्या घराच्या मापाचं.

"एकुआ," नाना फार हळू म्हणाले, "हे काय आहे?"

आत्याने ते टोक घाईघाईने गाठोड्यात कोंबलं. महिला मंडळाच्या अध्यक्षेला शब्द सापडत नाहीत, हे अराबा पहिल्यांदाच पाहत होती.

"शुक्रवारचं!" आत्या एकदम म्हणाली. "येत्या शुक्रवारचं! प्रभूच्या मरणाच्या दिवशी काळं नेसायचं नाही तर काय गुलाबी? काळं शुक्रवारचं, पांढरं रविवारचं. प्रभू रविवारी थडग्यातून उठला ना? ईस्टरला कोणता ख्रिस्ती माणूस दोन्ही शिवत नाही, सांगा! आणि शुक्रवार आधी येतो, म्हणून काळं आधी."

"वा," जोजोकाका मनापासून म्हणाला. "हे चांगलं आहे."

"वीस वर्षं," नाना म्हणाले, "तू शुक्रवारी तेच काळं नेसतेस, ज्याच्या पदराला इस्त्रीचा डाग आहे. ह्या वर्षीच सगळ्यांना नवं? मी निदान तोंडाने म्हटलं, दिवस धरा. तू राईचे दाणे मोजत बसलीस आणि मागल्या दाराने काळं शिवून घेतलंस."

आत्या मटकन खाली बसली. तिचं सगळं अध्यक्षपण त्या बसण्यात गळून गेलं.

"भीती वाटली मला," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "दिवसा वाटायचं येईल. मोठ्याने प्रार्थना केली की वाटायचं येईलच. आवाज थांबला की मग... डोर्कासकडे परत कधी गेले, माझं मलाच कळलं नाही."

चटईवर कुजबुज सुरू झाली. थोड्या वेळापूर्वी आत्याच्या बाजूला सरकून बसलेल्या दोन चुलत्या आता हळूच नानांच्या बाजूला सरकल्या. सगळ्यांच्या नजरा अराबाकडे वळल्या. आता ही पोर, ही खरी भक्तीण, आत्याला काय सुनावते!

अराबाला सुनवायचंच होतं. ढोंगी, हा शब्द जिभेवर तयार होता. पण तेवढ्यात तिला आपली शास्त्राची वही आठवली. वहीचं शेवटचं पान. अंत्यविधीत मुलं आईवडिलांवर लिहिलेलं वाचून दाखवतात, ते भाषण. सातव्या दिवशी, उत्तम प्रार्थना करून घरी आल्यावर, तिने पेन्सिलीने लिहिलं होतं, 'माझे बाबा समुद्रासारखे होते.' मग तिला ते बरं वाटलं नाही, कारण समुद्रानेच तर नेलं होतं. म्हणून तिने समुद्र खोडून नांगर केला होता. आणि तो नांगर तिला फार आवडला होता.

होते. 'आहेत' नव्हे, 'होते'. आत्याने निदान कापडच शिवलं होतं.

"मोजून घ्या बाई," डोर्कास मध्येच म्हणाली. तिला घाई होती. "नंतर तक्रार नको." तिने दोन्ही गाठोडी सोडली आणि चटईवर घड्या मांडू लागली. "काळे, हे आठ. पांढरे, एक, दोन, तीन... हे नऊ."

"आठ आणि नऊ?" जोजोकाकाने विचारलं. "पांढरं कुणाचं जास्त?"

डोर्कासने नववी घडी उलगडली. पुरुषाचा सदरा होता तो. रुंद खांद्यांचा, मोठ्या गळ्याचा.

"माझा नाही," जोजोकाका म्हणाला. "मी ह्यात दोनदा मावेन."

"आणि ही बाही बघा," डोर्कास तक्रारीच्या सुरात म्हणाली. "मी ताईंना दोनदा विचारलं, डावी बाही आखूड कशी? तर म्हणाल्या, दोन बोटं आखूडच ठेव, त्याचा हात तसाच आहे."

लहानपणी क्वामेना नारळाच्या झाडावरून पडला होता. डावा हात वाकडा जुळला. तेव्हा तो हात गळ्यात बांधून त्याला महिनाभर भरवणारी, त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी एकुआ होती.

ताटापाशी बसलेली मान्सा उठली. हात धुतले, पदराला पुसले, आणि येऊन तो सदरा उचलला. बाहीवरून बोटं फिरवली. शिवण पाहावी तशी बारकाईने.

"वन्सं," ती म्हणाली, "काळ्यात त्याचं माप दिलं नाहीत?"

"गेलेल्याला कशाला लागेल?" आत्या चिडून म्हणाली, आणि मग तिला रडू कोसळलं. एरवीसारखं, ओळी म्हणत, रुमाल काढत नव्हे. नाक गळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. "पांढरं शिवताना त्याचं माप तोंडातून आपोआप गेलं. काळ्याच्या वेळी आठजणांचंच गेलं. मी काय करू? दोन्ही मीच शिवायला टाकलं. दोन्ही खरंय."

नानांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. बराच वेळ ते त्या आखूड बाहीकडे बघत राहिले.

"पोरी," ते शेवटी म्हणाले, "तुझी प्रार्थना अर्धी राहिली. पुरी कर. मग ठरवू."

अराबा पुन्हा उभी राहिली. हात वर केले. हे सगळ्या पाण्यांच्या मालका. ते वाक्य आलंच नाही. तांबडा समुद्रही नाही, लाटाही नाहीत. बारा मिनिटांचं सगळं भांडार, आणि आत हात घातला तर रिकामं! तिचे हात खाली आले. ती इतक्या साध्या आवाजात बोलली, की मागच्यांना पुढे वाकावं लागलं.

"देवा, मला येत नाहीये. बाबांना घरी आण. आत्याला भीती वाटते, मलाही वाटते. मी भाषण लिहून ठेवलंय. त्यात 'होते' लिहिलंय. माफ कर. बाबांना पाणी पाज. त्यांना आण." मग तिला आणखी काही आठवेना. "आमेन."

दहा दिवसांतली ही सगळ्यात वाईट प्रार्थना होती, ह्यात शंकाच नाही. एकही वचन नाही, सुरुवात नाही, शेवट नाही. आणि कोण रडतंय हे बघायला अराबाचे डोळे उघडलेच नाहीत.

मान्सा सदरा घेऊन भट्टीपाशी परतली होती, तिकडून गाण्याचा आवाज आला. चर्चमध्ये पाद्रीबाबा बोलता बोलता अडले, की एखादी बाई जागेवरूनच गाणं उचलते, बाकीच्या ओढून नेतात. ते गाणं कुठे छापलेलं नसतं. उचलणारी जे म्हणेल तेच त्याचे शब्द. मान्साने आजवर कधी गाणं उचललं नव्हतं. तिचा आवाज धुराने खरखरलेला होता. "तू त्याला पाण्यावर ठेवलंयस," ती गात होती, "तर तूच त्याला धर." चुलत्यांनी ओळ झेलली. आत्याने गळक्या नाकाने झेलली. नानांनी काठीने ताल धरला. जोजोकाकाने मायलोचा मग खाली ठेवला.

गाणं संपलं तेव्हा नाना कुणाकडेच न बघता म्हणाले, "एकुआ, घराण्यातली थोरली बाई तू. ह्या घरात क्वामेना काय आहे?"

"जिवंत," आत्या म्हणाली. आवाज इतका लहान, की नानांनी कानाशी हात नेला.

"काय?"

"जिवंत आहे म्हटलं! बहिरे झालात का!"

"जोजो, ऐकलंस ना? जा. आणि येताना मंडपवाल्याला सांग, शनिवार दुसऱ्या कुणाला तरी दे." नाना उठले. गुडघे कडकन वाजले. "माझ्या आईसारखं झालं तर मी जबाबदार नाही."

"तुमच्या आईने त्याचं ताट वाढलं, नाना," मान्सा म्हणाली. "पण स्वतःचं वाढून घेतलं होतं का?"

नाना थांबले. आठवू लागले. "नाही," ते म्हणाले.

"मग बसा. सगळ्यांचं वाढते."

केंकीच्या हंड्यावरचं झाकण निघालं. उपास संध्याकाळी सहाला सुटायचा होता. पण अध्यक्षांनीच पहिला हात पुढे केला म्हटल्यावर नियम कोण काढणार?

भांडी घासताना अराबाने आईला विचारलं, "आई, तू एकदाही प्रार्थना केली नाहीस. तीन दिवस सगळे उपाशी आणि तू जेवतेस. तुला भीती नाही वाटली?"

"प्रार्थना कुणी म्हटलं नाही केली? रोज सकाळी भट्टी पेटवताना भांडते मी त्याच्याशी."

"बाबांशी?"

"देवाशी गं. कडाकडा भांडते. तुमच्यासारखं गोड बोलायला जमत नाही मला. आणि उपाशीपोटी भांडून बघ कधी. दहा मिनिटांत दम जातो." मान्साने राखेचा हात ताटावरून फिरवला. "पहिले चार दिवस वाटायचं, मी भिंतीशीच बोलतेय. भिंतीवर एवढा राग येत नाही कुणाला. मग म्हटलं, म्हणजे असणार तो. ऐकतोय आणि गप्प बसलाय. म्हणून अजूनच भांडले."

बुधवारी पहाटे चार होड्या पूर्वेला गेल्या.

शुक्रवारी आठजणांनी काळं नेसलं आणि तीन तास चर्चमध्ये उभं राहून दुसऱ्या कुणाच्या मरणाचं रडून घेतलं. आत्याला त्या दिवशी प्रार्थना म्हणायला बोलावलं, तर ती म्हणाली, आज दुसऱ्या कुणाला तरी सांगा. पाद्रीबाबांना वाटलं, तिला ताप आलाय.

शनिवारी दुपारी दोन होड्या परत आल्या. त्यांच्यात मीठ होतं, भाजलेली पाठ घेऊन आलेली पोरं होती, आणि बातमी काहीच नव्हती. दोन होड्या अजून बाहेर होत्या. क्वामेना हे नाव शनिवारी जन्मलेल्याचं. अराबाला दिवसभर वाटत होतं, आज त्याचाच वार, आजच काहीतरी होईल. काही झालं नाही. तिने शास्त्राची वही काढली. पान फाडणार होती. मग नुसतं रबर घेतलं आणि 'होते' पुसलं. नांगर राहू दिला.

रविवारी सकाळी पांढऱ्या कापडावरून थोडा घोळ झाला. उपास करणाऱ्यांना सगळं ढगळ झालं होतं, आणि मान्साची चोळी इतकी घट्ट, की अराबाने तिला श्वास धरून ठेवायला लावून हुक लावले. "वन्संनी माप पाचव्या दिवशीचं दिलंय," मान्सा म्हणाली. "त्यानंतर मी किती जेवलेय ते त्यांनाच ठाऊक." आत्या हसली. दोन आठवड्यांत पहिल्यांदा.

क्वामेनाच्या सदऱ्याला मान्साने इस्त्री केली आणि तो हातावर टाकून निघाली. आठ माणसं, नऊ कपडे. गल्लीतल्या दारादारांत माणसं उभी होती. पांढरं बघून एकेकाचा चेहरा उजळत होता. कोपऱ्यावर पाव विकणाऱ्या बाईने तर टोपलीच खाली ठेवली.

"एकुआताई! आला का हो क्वामेना?"

"अजून नाही," आत्या म्हणाली.

बाईचा चेहरा पडला. "मग हे पांढरं?"

अराबाने आत्याकडे पाहिलं. ह्या प्रश्नावर आत्या चाळीस मिनिटं बोलू शकली असती, वचनांसकट. रस्ताही रुंद होता, ऐकणारेही भरपूर.

आत्याने मान्साच्या हातावरून घसरू लागलेल्या सदऱ्याची आखूड बाही सावरली.

"आज रविवार आहे ना," ती म्हणाली, आणि पुढे चालू लागली.